जहाज हलकं करताना



मागच्या हिवाळ्यात आमच्या पॅरिशमधल्या एक मावशी लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला निघाल्या. जावयाची नोकरी लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर. लोधीखेड्याहून सावनेरमार्गे नागपूर, नागपूरहून विमान बदलत कोची आणि कोचीहून छोट्या विमानाने बेटावर, असा प्रवास होता. मावशी त्याआधी कधी विमानात बसल्या नव्हत्या. आम्ही स्वयंसेवक मंडळी त्यांना नागपूरपर्यंत सोडायला गेलो. रविवारच्या मिस्सेत त्यांच्या प्रवासासाठी प्रार्थनाही झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोचीहून फोन आला. "भाऊ, माह्यं वजन जास्त झालं म्हणतेत. मी तं सकाळपासून नुसत्या चहावर आहो."

वजन मावशींचं जास्त झालं नव्हतं, विमानाचं झालं होतं. तिकीट पक्कं होतं, मावशी वेळेवर हजर होत्या, तरी काउंटरवर सांगण्यात आलं की आज सहा जणांना नेता येणार नाही. त्या सहांत मावशी होत्या. कोण थांबायला तयार आहे, असं कोणी विचारलं का? मावशींना तरी काही ऐकू आलं नाही. जे काही बोललं गेलं ते इंग्रजीत आणि मल्याळीत. ज्यांना भांडता येत होतं ते भांडले, आणि त्यांतले दोघे शेवटी चढलेही. मावशी बाकावर बसून जपमाळ ओढत राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यांना जागा मिळाली. नातू त्याच्या आदल्या रात्री जन्मला होता.

हे लिहिण्यामागे कोणाला शिव्या घालण्याचा हेतू नाही. म्हणून आधी विमानाची बाजू समजून घेऊ.

आपल्याकडे बंडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. बैलांना ओढवेल तेवढंच भरायचं, आणि भरलेलं नीट वाटून ठेवायचं. मागे जास्त झालं की बंडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. विमानाचंही तसंच आहे. एकूण वजन किती आणि ते कुठे, दोन्ही मोजावं लागतं. त्यात धावपट्टी आखूड असेल तर पंचाईत आणखी वाढते. नागपूरची धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. अगत्तीची जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आसपास, आणि तिच्या दोन्ही टोकांना समुद्र. १९८८ साली ती सुरू झाली तेव्हा तिथे फार लहान विमानं उतरत. आता सत्तरएक जागांचं एटीआर विमान जातं, पण पूर्ण भरून नेता येत नाही. पट्टी ओली असली, वारा पाठीमागून असला, तर आणखी वजन कमी करावं लागतं.

आणि हे न केल्यास काय होतं, तेही जगाने पाहिलं आहे. ८ जानेवारी २००३ रोजी अमेरिकेत शार्लट इथे एक छोटं प्रवासी विमान उड्डाण करताच कोसळलं आणि आतले सर्व २१ जण गेले. दुरुस्तीत चूक झाली होती, आणि त्यातच विमान ठरल्यापेक्षा जड, तेही मागच्या बाजूला जड होतं. माणसाचं आणि बॅगेचं सरासरी वजन म्हणून जे जुने आकडे कंपन्या धरत होत्या, ते खरे राहिले नव्हते. त्यानंतर ते आकडे वाढवण्यात आले. २०२३ साली एअर न्यूझीलंडने प्रवाशांना स्वेच्छेने तराजूवर उभं केलं, ते याच कारणासाठी. सामोआ बेटांवरच्या एका छोट्या कंपनीने तर २०१३ च्या सुमारास माणसाच्या आणि सामानाच्या किलोंवरच भाडं लावलं होतं. लोक हसले, पण आकाशात तराजू खोटं बोलत नाही.

तेव्हा वैमानिकाने "इतकंच वजन" म्हटलं तर आपण मान तुकवावी. त्याच्या हाती सगळ्यांचे जीव असतात. प्रश्न वजनाचा नाही. वजन कमी करायचं ठरल्यावर खाली कोणाला उतरवायचं, हा प्रश्न आहे.

पवित्र शास्त्रात जड झालेल्या जहाजाच्या दोन गोष्टी आहेत, आणि मावशींचा फोन आल्यावर आम्हाला त्या दोन्ही आठवल्या.

पहिली योनाची. वादळ उठलं तेव्हा खलाशांनी आधी सामान समुद्रात टाकलं. मग चिठ्ठ्या टाकल्या, चिठ्ठी योनाच्या नावाने निघाली, तरीही त्यांनी त्याला लगेच फेकलं नाही. त्याला विचारलं. मला टाका, असं योना स्वतः म्हणाला. आणि त्यानंतरही त्या परक्या, देवाला न ओळखणाऱ्या माणसांनी जीव तोडून वल्ही मारली, की याला न टाकता किनारा गाठता आला तर पाहावा. माणूस जहाजाबाहेर गेला तो सगळे उपाय संपल्यावर, आणि त्याच्या स्वतःच्या तोंडच्या शब्दावर.

दुसरी पौलाची, प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७. कैदी म्हणून रोमला जाणारा पौल, सोबत शिपाई, खलाशी, इतर कैदी, सगळे मिळून २७६ जण. वादळात दुसऱ्या दिवशी माल टाकला, तिसऱ्या दिवशी जहाजाची अवजारं टाकली, शेवटी पोटाचा गहूही टाकला. मधेच खलाशी गुपचूप लहान होडी सोडून पळायच्या बेतात होते. ज्यांना वाट ठाऊक, तेच आधी निसटणार होते. पौलाने ते ओळखलं आणि शताधिपतीला बजावलं की हे जहाजात राहिले नाहीत तर बाकीचे वाचणार नाहीत. जहाज मेलितं, म्हणजे माल्टा बेटाजवळ फुटलं, पण २७६ पैकी एकही माणूस गमावला नाही.

दोन्ही जहाजांवर क्रम एकच आहे. आधी सामान, मग विचारणा, आणि माणूस शेवटी.

आता गंमत पाहा. आपल्या देशाच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियमही या क्रमाच्या फार दूर नाही. विमानात जागांपेक्षा पक्की तिकिटं जास्त झाली, तर कंपनीने आधी स्वखुशीने थांबणाऱ्यांना विचारायचं आहे. तरी कोणाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवावं लागलं, तर एका तासाच्या आत दुसऱ्या विमानाची सोय करायची. २४ तासांच्या आत केली तर मूळ भाड्याच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांपर्यंत, आणि त्याहून उशीर झाला तर चौपट, पण २०,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. मात्र कारण वजनाचं निघालं की हे आमच्या हातातलं नाही, असं म्हणून हात वर करायला वाट मिळते. इथे आमचं मत स्पष्ट आहे. वारा हातातला नाही, पाऊस हातातला नाही. पण धावपट्टीची लांबी रोज सकाळी तेवढीच असते. विमान पूर्ण भरून उतरत नाही हे ज्याला वर्षभर आधी ठाऊक आहे, त्याने तेवढ्या जागा विकूच नयेत. विकल्या, तर घरून निघण्याआधी प्रवाशाला खरं सांगावं. आणि ऐनवेळी वजन कमी करायची पाळी आलीच, तर आधी माल आणि बॅगा मागच्या विमानाने पाठवाव्यात, मग सर्वांना समजेल अशा भाषेत विचारावं. जो गप्प बसला आहे त्यालाच उतरवणं, हा कुठल्याच तराजूचा न्याय नव्हे.

कोणी म्हणेल, बेटावर जाणाऱ्या मालात एखाद्याचं औषध असेल. खरं आहे. कोणाची बॅग मागे ठेवायची तर आत काय आहे, हे विचारलंच पाहिजे. पण ते विचारायला थांबतो तोच माणसाला माणूस म्हणून पाहतो. लक्षद्वीपला जायला ठरावीक तारखांचा परवाना काढावा लागतो. दोन दिवस गेले की ते परवान्यातूनच जातात. मावशींना कोणी एवढंच विचारलं असतं, "तुमचं तिकडे काय काम आहे?", तर आम्हाला वाटतं, त्या विमानात एक तरी तरुण उठला असता. माणसं इतकी वाईट नसतात. त्यांना बरेचदा ठाऊकच नसतं.

इथवर लिहून आम्हाला थांबता आलं असतं. पण नागपूरच्या विमानतळावरची एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे लिखाण प्रामाणिक होणार नाही.

देशातल्या प्रवासाला साधारण १५ किलो सामान फुकट असतं. मावशींची बॅग काट्यावर ठेवली, तर भरली २२ किलो. जास्तीचे पैसे आम्हीच वर्गणी काढून भरले आणि मोठं पुण्य केल्यासारखे घरी आलो. पण त्या २२ किलोंत मावशींचं किती होतं? डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी आणि दोन लुगडी. सौसरच्या बागेतली संत्री आमच्यातल्या एकाने दिली होती, कोचीत राहणाऱ्या मित्रासाठी. जवसाची चटणी, पापड, कॅलेंडरं, एका घरचं तुपाचं भरणं, हे सगळं आमचं. "मावशी, तेवढं घेऊन जा नं, काही जड नाही." प्रत्येकाचं थोडंच होतं. त्या थोड्या-थोड्याचं सात किलो झालं. त्या दिवशी विमान मावशींच्या बॅगेमुळे जड झालं, असं आम्ही म्हणत नाही. पण एका साठीच्या बाईच्या खांद्यावर आपलं ओझं टाकताना आम्हीही तिला विचारलं नव्हतं. तीही गप्प बसणाऱ्यांतली, म्हणूनच आम्हाला सोपं गेलं.

गलतीकरांस लिहिताना पौल एकाच अध्यायात दोन गोष्टी सांगतो: एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला भार आपण वाहावा. आम्हाला हे पूर्वी उलटसुलट वाटायचं. आता थोडं कळतं. दुसऱ्याचं ओझं आपण उचलावं, आपलं दुसऱ्यावर लादू नये.

आमच्या भागात नागपूर-छिंदवाडा छोटी लाईन होती तेव्हा डबा कितीही भरला तरी आतून आवाज यायचा, "सरका हो थोडं, म्हातारी उभी हाय." विमानात सरकून जागा होत नाही, हे मान्य. पण ती हाक देता येते.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. आपल्या गावातून कोणी दूर निघालं, तर बॅग आदल्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर मोजायची, आणि त्यात परक्याचं पुडकं टाकायचं नाही. औषधं आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत ठेवायची. मोबाइलवरून चेक-इन आधीच करून द्यायचं. पुढचं विमान छोटं असेल तर मधे एक दिवस मोकळा ठेवायचा. कोणी चढू दिलं नाही तर भांडायचं नाही, पण कारण लेखी मागायचं. आणि ज्याला भाषा येत नाही त्याच्यासोबत फोनवर आमच्यातला एक जण शेवटपर्यंत राहील. ज्यांना हे काम करायचं असेल त्यांनी रविवारी मिस्सेनंतर भेटावं.

आणि आपण स्वतः कधी अशा विमानात बसलो असू, घाई नसेल, आणि समोर कोणी रडवेल्या तोंडाने उभं असेल, तर आपणच म्हणावं, "मी उद्या जातो."

प्रार्थना करू या. हे प्रभो, आमचं जहाज जड झालं की आम्हाला आधी आमचं सामान दिसू दे. जे गप्प आहेत त्यांना विचारायची सवय आम्हाला लाव. मावशींच्या नातवाला उदंड आयुष्य दे, आणि आम्ही दिलेल्या ओझ्याची आम्हाला क्षमा कर. आमेन.