सालदारालाही पाडवा असतो

दिवाळीत घरी अंजनगाव सुर्जीला गेलं की दोन गोष्टी ठरलेल्या. संध्याकाळी पानठेला आणि सकाळी नोकरीवरून बोलणी. यंदा मामांनी पहिल्याच दिवशी सुरुवात केली, "काहून रे बाप्पा, पुन्हा कंपनी बदलली म्हणते तू? एका जागी टिकून राहाणं होत नाही का तुमच्याच्यानं?" मामांना काय सांगणार! गप्प बसलो.

पण संध्याकाळी ठेल्यावर माझ्या शाळेतल्या दोस्तानेही तोच सूर लावला तेव्हा राहवेना. हा पठ्ठ्या माझ्यासारखाच मुंबईत कोड लिहून पोट भरतो. विषय मात्र फुटबॉलचा होता. २०१८-१९ च्या हंगामात आम्ही दोघं अंधेरीला मुंबई सिटीच्या मॅचेस बघायला जायचो. तेव्हा संघात मिडफिल्डला एक पोर्तुगीज होता, पाउलो मशादो. त्याची आठवण निघाली, दोस्ताने फोनवर त्याच्या क्लबांची यादी काढली आणि माझ्या नाकासमोर धरली.

"हे पाह्य. मुंबईपर्यंत दहा क्लब! असे भाडोत्री लोक आणून संघ उभा राह्यते का? निष्ठा नावाची चीजच नाही राह्यली बे."

झालं. पान तोंडात असल्याने तिथे नीट भांडता आलं नाही, म्हणून इथे भांडतो :-)

दहा हा आकडा खोटा नाही. पण आकडा मोजण्याआधी यादी वाचायची असते. मशादो १९८६ चा, जन्म पोर्तो शहरातला आणि घडला एफसी पोर्तोच्याच अकादमीत. २००३ मध्ये युरोपची सतरा वर्षांखालची स्पर्धा पोर्तुगालने जिंकली, त्या संघात तो होता. म्हणजे घरचा पोरगा, गुणी पोरगा. पुढे काय झालं? २००५ मध्ये लोनवर एस्त्रेला दा आमादोरा. २००६ मध्ये लोनवर लैरिया. २००७ मध्ये लोनवर लेशोएश. २००८ मध्ये लोनवर थेट फ्रान्सला, सेंट एतिएन. चार वर्षं, चार गावं, चार ड्रेसिंग रूम. आणि या सगळ्या काळात करार कुणाशी? पोर्तोशी!

आता पुढची यादी वाचा. २००९ मध्ये तुलूझने त्याला पक्कं घेतलं. तिथे तीन हंगाम. पोर्तुगालच्या मुख्य राष्ट्रीय संघात तो आला तोही तुलूझचा खेळाडू असताना, पोर्तोचा असताना नाही. मग ग्रीसमध्ये ऑलिंपियाकोस, दोन हंगाम, दोन्ही वेळा लीग विजेता. मग क्रोएशियात दिनामो झाग्रेब. तिथले पहिले दोन्ही हंगाम पुन्हा लीग विजेता, आणि एकूण निदान तीन हंगाम मुक्काम. नंतर पोर्तुगालमध्ये आवेस, आणि २०१८ मध्ये बत्तिसाव्या वर्षी मुंबई.

दिसलं का? दहातल्या चार नोंदी मालकाने पाठवल्याच्या आहेत. जिथे त्याला पक्कं घेतलं तिथे तो बहुतेक ठिकाणी टिकला. आणि तरी निष्ठेचा हिशेब आपण त्याच्याच नावावर मांडतो. हे म्हणजे बदली करायची सरकारने आणि फिरतीवर आहे म्हणून नावं ठेवायची मास्तरला.

आमच्या वऱ्हाडात सालदार गुढीपाडव्याला ठरतो. वर्षाचं साल, ठरलेले पैसे. पाडवा आला की पटलं तर राहतो, नाहीतर दुसऱ्याचं वावर धरतो. उचल घेतलेली असली तर अडकतोही, त्याचं आयुष्य काही सुखाचं नसतं आणि फुटबॉलरच्या पगाराशी त्याची तुलना करणं हा आचरटपणा होईल. पण एक गोष्ट बघा. सालदाराला निदान पाडवा असतो. लोनवरच्या पोराचा पाडवा दुसऱ्याच्या कॅलेंडरवर असतो. तो सालदार नव्हे, तो मक्त्याने दिलेलं वावर आहे. कसणारा दर वर्षी वेगळा, सातबारा एकाच्याच नावावर.

यावर दोस्त म्हणेल, लोनला खेळाडूची सही लागते. लागते ना! पण एकोणीस वर्षांच्या पोराला 'इथे बाकावर बस नाहीतर तिथे जाऊन खेळ' असं सांगितल्यावर तो काय करणार? त्या सहीला मी संमती म्हणत नाही.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. लोनवर पोरं तयार होतात, परत येऊन मोठी होतात. उदाहरणही मुंबईतलंच आहे. मशादो आला तेव्हा मुंबई सिटीचा कोच होता जॉर्ज कोस्टा. तोही पोर्तोच्याच अकादमीतला. त्यालाही क्लबने आधी पेनाफिएल, मग मारितिमोला लोनवर धाडलं होतं. तो परत आला, कॅप्टन झाला आणि २००४ मध्ये त्याने चॅम्पियन्स लीगचा कप उचलला. २०२५ मध्ये तो गेला तेव्हा सगळं पोर्तो हळहळलं. मान्य, शंभर टक्के मान्य. पण कोस्टा दोनदा जाऊन परत आला आणि त्याला जागा मिळाली. मशादो चारदा गेला आणि परतीची जागा नव्हतीच. पहिल्याची गोष्ट सांगून दुसऱ्यासारख्यांना रांगेत उभं ठेवायचं, याला मी लॉटरीचं दुकान म्हणतो.

फिफाला हे कळलं, उशिरा का होईना. जुलै २०२२ पासून आंतरराष्ट्रीय लोनवर मर्यादा आली. आठ, मग सात, आणि २०२४ पासून एका क्लबला सहा बाहेर, सहा आत. एक लोन जास्तीत जास्त एका वर्षाचं. पण क्लबने स्वतः घडवलेली एकवीस वर्षांपर्यंतची पोरं यातून वगळलीत. म्हणजे २००५ चा मशादो, वय १९, घरीच घडलेला, देशातल्या देशात पाठवलेला, आजही या मर्यादेत बसला नसता. ज्याला सगळ्यात जास्त गरज, तोच नियमाबाहेर!

माझं म्हणणं साधं आहे. सलग दोन हंगाम ज्याला बाहेर पाठवलं, त्याला तिसऱ्या वर्षी एक तर संघात घ्या नाहीतर मोकळं सोडा.

आणि मुंबईत काय झालं? त्याच्या पहिल्याच हंगामात संघ सेमीफायनलला गेला. गोल सौगूच्या नावावर लागले, चेंडू पुढे नेणारे मधले लोक कुणाला आठवतात? तिथे गोव्याकडून घरच्या मैदानावर १-५ असा मार खाल्ला, ती रात्र आम्ही विसरलेलो नाही. २०२० मध्ये मशादोही गेला आणि कोस्टाही. त्याआधीच, २०१९ मध्ये, क्लबची मालकी सिटी फुटबॉल ग्रुपकडे गेली होती. नवा कोच आला आणि २०२०-२१ ला शील्ड आणि कप दोन्ही जिंकले. आम्ही नाचलो. क्लबने माणसं बदलली तेव्हा कुणीही निष्ठा हा शब्द काढला नाही.

आपण, नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड भोगणारी आणि बेंचवर बसून क्लायंटची वाट बघणारी माणसं, आपण तरी हा शब्द जपून वापरावा. मामांचं एक वेळ समजू शकतो. दोस्ता, तुझं नाही.

असो. पुढच्या दिवाळीत पान खाण्याआधीच भांडू.