खुणा जुळल्या पाहिजेत

परवा आम्ही अंजनगाव सुर्जीत एका मिस्त्रीकडे बसलो होतो. दारात जुना टाटा-मर्सिडीज ट्रक उभा. टेल्को आणि जर्मनीची डाइमलर-बेंझ यांचे ते सहकार्य १९५४ ते १९६९ चे. टाइमिंगचे गिअर झिजले होते. मालक म्हणाला, "एकच बदला." मिस्त्री म्हणाला, "भाऊ, जुन्या दातात नवा दात लावसान त दोन्ही जातीन. जोडीच बदला."

गिअर बसवत होता हाताखालचा पोरगा. खूण खुणेसमोर आणली, इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहिले. एक दात चुकला तरी व्हॉल्व्हची वेळ चुकते. जास्त चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो. आम्ही विचारले, "कॅमच्या गिअरला दात दुप्पट का?" तो गप्प. क्रँकचे दोन फेरे तेव्हा कॅमचा एक, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. नववीत शाळा सुटलेली.

हात तयार आहे, कागद नाही. म्हणून उद्या त्याला दुकानात दांडी मारायला लावणार. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी, मग आय.टी.आय.त डिझेल मेकॅनिक. मिस्त्रीनेही मान डोलावली.

वाचकहो, तुमच्या घरी असा पोरगा असेल तर त्याची खूण वेळेत जुळवा.