नळ टिकला, पाण्याचे काय?

शिशाचा नळ सहज शंभर वर्षे टिकतो. लोखंडासारखा तो गंजून फुटत नाही, हवा तसा वाकवता येतो. म्हणून अमेरिकेतल्या अनेक शहरांनी रस्त्यातल्या जलवाहिनीपासून घरापर्यंतची जोडणी सर्रास शिशाची केली. हा टिकाऊपणाच आता तिथे भोवतो आहे.

मिशिगनमधल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी डेट्रॉइटचे पाणी बंद केले आणि फ्लिंट नदीचे घेतले. नळ जुनेच राहिले. अशा नळांत वर्षानुवर्षे खनिजांचा पातळ थर धरतो आणि तो पाण्याला शिशापर्यंत पोहोचू देत नाही. डेट्रॉइटच्या पाण्यात हा थर टिकावा म्हणून फॉस्फेट मिसळले जाई. नदीच्या पाण्यात क्लोराइड जास्त होते आणि फॉस्फेट तर घातलेच नाही. थर सुटू लागला, शिसे पाण्यात उतरले. इंजिनाचे भाग गंजतात म्हणून जनरल मोटर्सच्या कारखान्याने त्याच वर्षी ऑक्टोबरात हे पाणी नाकारले. घराघरांत मात्र तेच पाणी आणखी वर्षभर येत राहिले. मुलांच्या रक्तातले शिसे वाढल्याचे डॉ. मोना हॅना-अटिशा यांनी सप्टेंबर 2015 मध्ये दाखवून दिले, त्यानंतर डेट्रॉइटचे पाणी परत आले. इंजिनाची तक्रार लगेच ऐकली गेली आणि मुलांची इतक्या उशिरा, हे अक्षम्य आहे.

शिशाला रंग नाही, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. अर्धाच नळ बदलणे हाही उपाय नव्हे. कापताना उरलेल्या नळातला थर हादरतो, आणि शिशाला तांबे जोडले तर शिसे अधिक झिजू शकते. नळ काढायचा तर पुरता काढावा.

आपल्याकडे भारतात जुन्या इमारतींत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप दिसतात. तो मुलामा झिजला की सकाळचे पहिले पाणी तांबूस येते. प्लंबरने कापलेल्या तुकड्यात गंजाचे फोड आणि मधे जेमतेम पेन्सिलीएवढी वाट उरलेली दिसते. गंज दिसतो, म्हणून पाइप बदलला जातो. पितळी तोट्यांतून किंवा जुन्या पीव्हीसी पाइपांतून उतरणारे शिसे कोणाला दिसणार? भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे 0.01 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. जलशुद्धीकरण केंद्रात मोजून याची खात्री होत नाही. पालिकांनी घरातल्या तोटीतून, रात्रभर पाइपात साचलेल्या पाण्याचा नमुना घ्यावा, आणि पाण्याचा स्रोत बदलायचा असेल तर बदलण्याआधी व नंतरही घ्यावा.