विम्याची मुदत: नियम की यम?



गेल्या महिन्यात एका रविवारी आमचा मुलगा टर्म इन्शुरन्स घ्यायला लॅपटॉप उघडून बसला. वय ३४, कव्हर १ कोटीचं. सगळं भरून झालं आणि गाडी एका प्रश्नावर अडली, मुदत किती? फोनवरचा सल्लागार म्हणत होता, "सर, ८५ वर्षांपर्यंत घ्या, म्हणजे पैसे घरात येण्याची शक्यता जास्त." मुलाला ते पटलं होतं. मी भाजी निवडत ऐकत होते. मी म्हटलं, "थांब जरा, कागद-पेन आण."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. टर्म इन्शुरन्स म्हणजे निव्वळ विमा. ठरलेल्या मुदतीत माणूस गेला तर घरच्यांना रक्कम मिळते, मुदत संपेपर्यंत तो हयात राहिला तर साध्या पॉलिसीत काही परत मिळत नाही. म्हणूनच हप्ता कमी असतो. आणि मुदत जितकी लांब तितका हप्ता जास्त, कारण वय वाढेल तसा मृत्यूचा संभव वाढतो.

मी कागदावर तीन ओळी लिहायला लावल्या. घराच्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरशील तेव्हा तुझं वय काय असेल? ५४. धाकटी आता एक वर्षाची आहे, ती शिकून कमवायला लागेल, समजा २५ व्या वर्षी, तेव्हा तुझं वय? ५८. आणि तुझा पीएफ व बचत मिळून सूनबाईंना तुझ्या पगाराशिवाय राहता येईल असं वय? ६०, निवृत्तीचं. तिन्हीतलं सर्वात लांबचं वय घ्यायचं आणि दोन-तीन वर्षं सैल ठेवायची. झाले ६२. म्हणजे मुदत २८ वर्षं.

मग हप्ते पाहिले. ६२ पर्यंत वर्षाला सुमारे १३ हजार, ८५ पर्यंत सुमारे २१ हजार. पहिल्यात एकूण भरणा ३ लाख ६४ हजार, दुसऱ्यात ५१ वर्षं भरून १० लाख ७१ हजार. मुलगा म्हणाला, "पण आई, शेवटी १ कोटी मिळणार ना!" मी बी.कॉम. आहे, कॉलेज सुटून चाळीस वर्षं झाली तरी ७२ चा नियम विसरलेले नाही. महागाई सहा टक्के धरली तर दर १२ वर्षांनी पैशाची किंमत निम्मी होते. १ कोटीचे ५० लाख, मग २५, मग साडेबारा, आणि ४८ वर्षांनी सव्वासहा लाख. ५१ व्या वर्षी आजच्या हिशेबाने पाच लाखांच्या आसपास. तेही पन्नाशीतल्या, स्वतःच्या पायावर उभ्या असलेल्या मुलांना. "मध्येच बंद करता येईल की," तो म्हणाला. येईल, पण तोवर दरवर्षी जादा हप्ता भरलेला असेल, तो परत येणार नाही.

आता दुसरी बाजू. ती आमच्या घरानेच सोसली आहे, म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या भाऊजींनी ३५ व्या वर्षी १५ वर्षांची पॉलिसी घेतली होती. कर्ज १५ वर्षांचं, म्हणून विमाही १५ वर्षांचा, आणि हप्ता स्वस्त. पन्नासाव्या वर्षी कर्ज फिटलं, विमाही संपला. घरात पेढे वाटले. पण धाकटा मुलगा तेव्हा दहावीत होता, हे कोणी मोजलंच नव्हतं. नवीन पॉलिसी घ्यायला गेले तर तोवर साखर निघालेली. हप्ता इतका सांगितला की "बघू पुढच्या वर्षी" म्हणून राहिलं. त्रेपन्नाव्या वर्षी हृदयविकाराने गेले. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. जाऊबाईंनी पाटल्या मोडल्या, शिक्षणाचं कर्ज काढलं. मुलाने पहिल्या पगारापासून तेच फेडलं. सगळं निभावलं, पण त्या तीन वर्षांत त्यांचे केस पांढरे झालेले मी पाहिले आहेत.

म्हणून माझं मत असं. चुकायचंच असेल तर थोडं लांब चुकावं, आखूड नको. जादाची मुदत बंद करता येते, संपलेली मुदत नंतर त्याच हप्त्यात मिळत नाही. पण थोडं लांब म्हणजे दोन-चार वर्षं, पंचवीस नव्हे.

आमच्या मंदिरातल्या स्वाध्यायात एक ताई म्हणाल्या, "आयुष्य कर्माधीन, मग विमा कशाला?" अनित्य भावना मीही रोज म्हणते. पण आयुष्य अनित्य आहे हे ज्याला खरंच कळलं, त्यानेच घरच्यांची सोय करावी. मुनी महाराजांच्या मागे घर नसतं, श्रावकाच्या मागे असतं. विम्याने आयुष्य वाढत नाही, घेतलेली जबाबदारी तेवढी पार पडते.

आणि मुदतीचं उत्तरही मला शास्त्रातच सापडलं. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात भोगोपभोग परिमाण सांगताना त्यागाचे दोन प्रकार केले आहेत. काळ ठरवून घेतलेला तो नियम, आजन्म घेतलेला तो यम. चातुर्मासात पालेभाजी सोडली तर तो नियम, कंदमूळ कायमचं सोडलं तर तो यम. संसारातली बहुतेक जबाबदारी नियमासारखी असते. मुलं मोठी होतात, कर्ज फिटतं. तिच्यासाठी घेतलेला विमाही तेवढ्याच काळाचा असावा. त्यापुढे केवळ "पैसे वसूल व्हावेत" म्हणून ओढत नेला, तर ती जबाबदारी राहिली नाही, परिग्रह झाला.

काही घरांत मात्र यमच लागतो. ज्यांचं मूल दिव्यांग आहे आणि आयुष्यभर आधारावर राहणार आहे, त्यांनी लांबात लांब मुदत घ्यावी, त्यात संकोच नको. आपल्या समाजात व्यापारी पुष्कळ, त्यांना निवृत्तीचं वय नसतं आणि साठीनंतरही दुकानावर कर्ज असतं. त्यांनी ६० आकडा डोळे मिटून घेऊ नये, कर्जाचे कागद पाहून ठरवावं.

मुलाने शेवटी ६२ पर्यंतची घेतली. वाचलेल्या आठ हजारांची एसआयपी सूनबाईंच्या नावाने सुरू केली. तरी त्याचा एक प्रश्न होताच, "६२ ला मी ठणठणीत असलो तर सगळे हप्ते फुकट?" मी म्हटलं, "उपवास पार पडला की आपण पारणं करतो. उपवासाच्या दिवशीचं जेवण परत मागत नाही."

मैत्रिणींनो, बहुतेकींना घरातल्या पॉलिसीची रक्कम माहीत असते, संपण्याची तारीख नसते. जाऊबाईंनाही नव्हती. आज कपाटातून तो कागद काढा, तारीख बघा, आणि त्या दिवशी धाकट्याचं वय किती असेल ते त्याच्या शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवा.