चित्रात न दिसणारा सांधा

जुन्या हस्तनिर्मित फर्निचरच्या जलरंगचित्रांचे पुस्तक निघाले की ‘परंपरा जतन झाली’ असे आपण जाहीर करून टाकतो. जतन होते ते रूप. विद्येचे काय?

असा प्रचंड उद्योग अमेरिकेने केला. महामंदीत, १९३५ नंतर, सरकारने बेकार चित्रकारांना कामाला लावून ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’ हा सुमारे १८,००० चित्रांचा संग्रह उभा केला. रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग आणि बेभरवशाचे होते. शेकर पंथीयांच्या साध्या खुर्च्या-कपाटांचे लाकूड या चित्रांत असे उतरले आहे की हात लावून पाहावेसे वाटते. चित्रकारांच्या पोटाला मिळाले, हेही मोलाचेच.

पण खुर्ची घट्ट राहते कशाने? जुने कारागीर किंचित ओलसर पायात पूर्ण सुकलेली दांडी ठोकत. पाय सुकताना आकसतो आणि दांडीला आवळून धरतो. हे कुंचल्याला दिसत नाही. ते सांगावे आणि लिहावे लागते.

गुजरातेत संखेड्याच्या लाकडी झोपाळ्यावरची सोनेरी नक्षी पाहा. चित्रकार तिथे सोनेरी रंग भरेल. परंपरागत कारागीर लावतो ती कथिलाची रुपेरी नक्षी. वर लाख चढली की ती सोनेरी दिसते. चित्र डोळ्याशी प्रामाणिक राहूनही कृतीबद्दल चुकीचे सांगते.

‘चित्राकडून एवढी अपेक्षा का?’ असे कोणी म्हणेल. मग त्याला चित्रच म्हणा, दस्तऐवज म्हणू नका. या इंडेक्सची कल्पना मांडणाऱ्यांपैकी रूथ रीव्हज १९५६ मध्ये भारतात आल्या. मेण वितळवून धातू ओतण्याच्या इथल्या कलेवरचे त्यांचे पुस्तक १९६२ मध्ये निघाले. वस्तू घडते कशी, हा त्यातला प्रश्न आहे. आपण मात्र अजून वस्तू दिसते कशी, यावरच खूश.

संग्रहालयांनी आणि प्रकाशकांनी एवढे तरी करावे. प्रत्येक देखण्या पानासमोर दुसरे पान ठेवावे: उकललेला सांधा, लाकडाची जात, हत्यारांची सुताराच्या बोलीतली नावे, लागलेले दिवस, मिळालेली मजुरी आणि त्याची हरकत नसेल तर त्याचे नाव. चित्रकाराची सही कोपऱ्यात असतेच. खुर्ची करणाऱ्याला त्या कागदावर जागा का नसावी?