आवडीची लाज कशाला?

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या गायनस्पर्धेतून चित्रपटगीते वगळावीत असा ठराव आला, तेव्हा हात वर करणाऱ्यांत मी पहिला होतो. 'संमेलन म्हणजे काही लग्नाची वरात नव्हे,' असे एक टाळीचे वाक्यही मी टाकले होते. ठराव मंजूर झाला. स्पर्धेच्या दिवशी सभागृहात परीक्षक, स्पर्धक आणि त्यांचे चार जिवलग मित्र एवढेच काय ते उरले. बाकीचे सारे कॉलेज कँटीनमध्ये टेबले बडवीत 'झिंगाट' गात होते. माझा तिसरा क्रमांक आला. बक्षीस घेताना टाळ्यांपेक्षा कँटीनचा आवाज मोठा होता आणि, खोटे कशाला बोलू, माझा पायही त्याच ठेक्यावर हलत होता.

हा प्रकार नवा नाही. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे भक्त. लोकांची अभिरुची सुधारावी या त्यांच्या धोरणापायी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला! त्याच वर्षी तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अखेर १९५७ मध्ये आकाशवाणीला 'विविध भारती' काढावी लागली. केसकरांच्या काळातच संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, ते ऋण मी नाकारीत नाही. पण काटा वळवणाऱ्यांना चांगले-वाईट कळतच नव्हते, असे का मानायचे?

बुधवारी रात्री गीतमाला ऐकणाऱ्याला ठाऊक असे, की या घटकेला हेच गाणे हजारो घरांत वाजते आहे. ही सोबत लहान गोष्ट नव्हे. मी तालुक्याच्या गावाहून वसतिगृहात आलो, तेव्हा खोलीत एक परभणीचा, एक कोकणातला. बोलायला विषय नाही. रात्री दिवे गेले आणि कुणीतरी अंधारात एक जुने सिनेमाचे गाणे सुरू केले. दुसरी ओळ मला येत होती. सहा वर्षे गुरुजींकडे घोटलेल्या यमनने तिथे माझी ओळख करून दिली नसती. राग कळायला कान तयार व्हावा लागतो. त्याला वेळ, पैसा आणि कुणीतरी बोट धरून नेणारा लागतो. सिनेमाचे गाणे यातले काहीच मागत नाही.

लोकप्रिय ते सारे उत्तम, असे मात्र मी म्हणणार नाही. मोबाईलवर तेच पंधरा सेकंद दिवसातून वीसदा कानी पडले, की आवडते म्हणून ऐकतो की ऐकवले जाते म्हणून आवडते, हे माझे मलाच कळेनासे होते. असो.

यंदा तो ठराव पुन्हा येणार, अशी कुणकुण आहे. माझा हात खालीच राहील. स्पर्धेत मात्र मी यमनच गाणार आहे. गुरुजींना तसे कबूल करून बसलो आहे. कँटीनमधल्या मंडळींनी त्या वेळेपुरता चहा लवकर संपवावा, ही विनंती.