चावी रुसली तर?

चावी खिशात, हात हँडलवर आणि गाडी ढिम्म! गळ्यात आयडी कार्ड, खांद्यावर लॅपटॉप आणि स्वतःच्याच गाडीच्या दाराशी झटापट... ऑफिसच्या पार्किंगमधलं हे दृश्य मला हल्ली बऱ्याचदा दिसतं. मग सर्व्हिस सेंटर, नव्या चावीचं एस्टिमेट आणि पगाराला भोक. माझं म्हणणं एवढंच, की पाकीट उघडण्याआधी पाच मिनिटं डॉक्टर व्हा. आधी पेशंट ओळखा. आजारी कोण, चावी की गाडी?

या दोघींच्या गप्पा कशा चालतात बघा. तुम्ही हँडलला हात लावलात की गाडी हळूच विचारते, ‘आहेस का गं जवळ?’ ही हाक बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झच्या आसपासची, जेमतेम मीटर-दीड मीटर पोचणारी. चावी ती ऐकते आणि बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास आपली सांकेतिक ओळख कळवते. ओळख पटली की दार उघडलं!

पहिली टेस्ट फुकट आहे. घरात पडलेली दुसरी चावी आणा. ती चालली तर दुखणं पहिल्या चावीत, आणि बहुतेकदा ते आतल्या नाण्याएवढ्या सेलचं. सीआर २०३२ हा सेल सर्रास सापडतो, तरी जुन्यावरचा नंबर वाचूनच नवा घ्या. मल्टिमीटरवर ठीक दिसणारा जुना सेल ऐन वेळी मान टाकू शकतो, म्हणून मी सरळ नवा घालून बघतो.

चावीचं बटण दाबून दार उघडतं, पण हँडलला हात लावून नाही? म्हणजे चावीचं उत्तर पोचतंय, गडबड हाकेत आहे. एकच दार रुसलं असेल तर त्याच्या हँडलचा सेन्सर किंवा वायर तपासायला सांगा. सगळीच रुसली तर आधी सेटिंग बघा, काही गाड्यांत ही सोय बंद करता येते.

दोन्ही चाव्या फेल? मग गाडीची १२ व्होल्टची बॅटरी बघा. चार्ज असेल तर उभ्या गाडीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२ च्या खाली म्हणजे उतरली. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनो, हसू नका. लॉकसाठी तुमच्याकडेही बहुधा अशीच छोटी बॅटरी असते!

आणि एकाच जागी त्रास होत असेल तर आसपासच्या रेडिओ लहरींवर संशय घ्या. चावी आणि मोबाइल एका खिशात ठेवू नका.

रात्री अकराला सुनसान बेसमेंटमध्ये मात्र निदान नको, सुटका हवी. बहुतेक चाव्यांच्या पोटात एक धातूची किल्ली दडलेली असते. तिने दार उघडा. अलार्म वाजला तर घाबरू नका. मग चावी स्टार्ट बटणाला टेकवा. बऱ्याच गाड्या सेल संपलेली चावीही अशी ओळखतात. काहींत ती जागा वेगळी असते, म्हणून मॅन्युअलचं ते पान आजच वाचून ठेवा.

आणि हो, काढलेला सेल टेबलावर टाकू नका. लहान मुलानं गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. तसा नुसता संशय आला तरी तडक हॉस्पिटल गाठा. गाडी काय, थांबेल दाराशी!